पुढच्या सीटचा मान

१९ सप्टेंबर, तालुक्याचा दवाखाना

गाडी उलटली, तर धावत आलेल्या माणसांनी आधी कुठे जावं, आतल्या माणसांकडे की डिकीतल्या मेंढीकडे? शेजारच्या खाटेवरच्या जिबेकताईंनी आज सकाळी मला हे विचारलं. "तू कायद्याची पदवीधर ना? मग सांग." दिवसभर त्याचाच विचार करतेय.

डाव्या खांद्याचं हाड मोडलंय, कपाळाला टाके आहेत, पण उजवा हात शाबूत आहे. तेव्हा जसं घडलं तसं लिहून ठेवते.

अब्दिलास आजोबांचा प्रांताच्या मुख्य गावी सत्कार होता. आजोबा आमच्या गावच्या अक्सकालांच्या, म्हणजे पांढऱ्या दाढीवाल्यांच्या, न्यायमंडळाचे प्रमुख. कुरणाच्या हद्दी, पळवलेले घोडे, माहेरी निघून गेलेल्या सुना, सगळं त्यांच्यापुढे येतं आणि ग्रामकचेरीतर्फे मी ते लिहून घेते. माझ्यासारख्या नवख्या मुलीला ते सोबत घेऊन गेले, याचा मला अभिमान वाटला. सत्कारात त्यांच्या अंगावर तीन जाडजूड झगे चढवले, एकावर एक. डोक्यावर उंच टोपी घातली आणि एक जिवंत मेंढी दिली.

परतताना गाडी इरिसबेकची. तो माझा शाळेतला वर्गमित्र, भाड्याने माणसांची ने-आण करतो. आजोबा पुढे बसले, तो मान त्यांचा. झगे काढून ठेवा म्हटलं तर म्हणाले, "सत्काराचे झगे वाटेत काढत नाहीत." मी मागे. मेंढी डिकीत.

खिंड उतरल्यावर कोळशाचा ट्रक पुढे लागला. आमच्याकडच्या निम्म्या गाड्या जपानमध्ये जुन्या होऊन इकडे येतात आणि त्यांचं स्टिअरिंग असतं उजवीकडे. रस्त्यावर आपण चालतो तेही उजवीकडूनच. म्हणजे चालक बसतो गटाराच्या बाजूला, आणि ट्रकच्या पलीकडून काय येतंय ते दिसतं त्याच्या डावीकडे बसलेल्याला. मग चालक विचारतो, "रिकामा आहे का?" आणि डावीकडचा म्हणतो, "जा." एवढ्यावर आमच्या प्रांताची वाहतूक चालते.

इरिसबेकने विचारलं, "आजोबा, रिकामा आहे का?"

आजोबा म्हणाले, "जा." निकाल देताना म्हणतात, अगदी तसंच.

समोर पांढरी गाडी होती. इरिसबेकने स्टिअरिंग उजवीकडे ओढलं, ट्रकचा मागचा कोपरा आम्हाला लागला, आम्ही भिरभिरलो आणि शेतात कोलांटी खाल्ली. मी बेशुद्ध पडले नाही. हे मुद्दाम लिहिते.

गवत कापणारे तिघे धावत आले. एकाच्या हातात सुरी होती. मला वाटलं, पट्टा कापून मला सोडवणार. मग आठवलं की मी पट्टा लावलेलाच नाही. सीट नव्यासारख्या राहाव्यात म्हणून इरिसबेकने मागचे पट्टे कव्हराखाली शिवून टाकलेत. सुरीवाला माझ्या खिडकीवरून तसाच डिकीकडे गेला. "गरम आहे, अजून गरम आहे!" असा ओरडा झाला. श्वास आहे तोवर सुरी फिरली नाही, तर मांस हराम. मग वाद, मेंढीचं तोंड काबाकडे करायचं म्हणून.

"काबा कुठल्या अंगाला?"

"त्या टेकडीकडे."

"टेकडीकडे तुझी सासुरवाडी. नदीकडे वळव!"

शेवटी आजोबांनीच ढेकळांत बसल्या बसल्या हात करून दिशा दाखवली आणि सगळे गप्प झाले. काबा आमच्या नैऋत्येला; हात केला तो खिंडीकडे, म्हणजे सरळ उत्तरेला. धक्का बसला होता बिचाऱ्यांना. पण त्यांना साधं खरचटलंही नाही. तीन झगे होते ना.

मेंढीनंतर मला काढलं, मग इरिसबेकला. त्याच्या बरगड्या मोडल्यात. पांढरी गाडी आम्हाला चुकवताना दुसऱ्या अंगाला नदीच्या दगडांत पडली होती. ती सगळ्यांत शेवटी सापडली. तीच जिबेकताईंची. त्यांचा उजवा पाय इंजिनाखाली चिरडलाय. त्या जनावरांच्या डॉक्टर आहेत, पलीकडच्या खोऱ्यातल्या.

"माझी चूक झाली," त्या म्हणतात. "मी गाडीत मेंढी ठेवली नव्हती."

२० सप्टेंबर

आजोबा भेटायला आले. सोबत त्यांची सून, हातात रश्श्याचा डबा. रस्सा त्याच मेंढीचा. आजोबा दारातून आले ते थेट जिबेकताईंच्या खाटेशी गेले, त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, घाबरू नकोस. तुझ्या हातून अजून पुष्कळ न्याय लिहून व्हायचा आहे."

मला भरून आलं. आपल्या गावची मुलगी शेजारी पडलेली असताना आधी परक्या, जखमी बाईकडे जाणं! आणि न्यायाचं काम प्रत्येक बाईचं आहे हा विचार! सून त्यांची बाही ओढत होती, पण त्यांनी आशीर्वाद पुरा केल्याशिवाय हात काढला नाही. जिबेकताईंनी त्यांच्या डोळ्यांसमोरून एकदा हात फिरवला. माशी असावी.

ते गेल्यावर ताईंनी रस्सा प्यायला. म्हणाल्या, "हिला माझ्याआधी बाहेर काढलं होतं. चवीला बरी आहे."

२२ सप्टेंबर

तपास अधिकारी आला होता. मला नुकतंच दुखण्याचं इंजेक्शन दिलेलं, जीभ जड झालेली. त्याने विचारलं, "तुम्ही काय पाहिलंत?" मी तोंड उघडेपर्यंत बाबाच म्हणाले, "ती झोपली होती." अधिकाऱ्याने लगेच टोपण लावून पेन खिशात टाकलं. बाबांना माझी किती काळजी आहे! मला त्रास नको म्हणून बोलले. उद्या मी स्वतः अधिकाऱ्याकडे निरोप पाठवीन.

इरिसबेकने सगळं स्वतःवर घेतलंय. "मला घाई झाली, मी कुणाला विचारलं नाही," असं लिहून दिलं. म्हणजे खोटं लिहून दिलं. पण किती उमदेपणाने! शाळेत असल्यापासून तो तसाच आहे. त्याच्या आईला आजोबांच्या मुलाने सांगितलंय म्हणे, की इरिसबेक आत गेला तर त्यांच्या घोड्या हिवाळाभर आजोबांच्या कुरणात चरतील. संकटात गाव असं एक होतं.

कायदा साधा आहे. पाय जिबेकताईंचा मोडलाय. "माझी तक्रार नाही" असं त्यांनी लिहून दिलं की फाइल बंद. नाही दिलं तर इरिसबेक तुरुंगात. आज त्याची आई येऊन ताईंच्या पायाशी, म्हणजे प्लॅस्टरशी, रडून गेली.

ताई म्हणाल्या, "उठा हो. मी माफ करायला बसलेलीच आहे, उठता तरी कुठे येतंय मला? पण ज्याने केलं तो येऊ दे. बदली माणसाला मी माफ करत नाही."

२३ सप्टेंबर

"तू जागी होतीस," जिबेकताई म्हणाल्या. "झोपलेल्या माणसाच्या कपाळाला समोरून मार लागत नाही. तू वाकून पुढे बघत होतीस. कोण म्हणालं, जा?"

मी कपाळाचे टाके चाचपले.

"मी भर दुपारी दिवे लावून येत होते, हॉर्न वाजवत. मला बघून कुणीही जा म्हणालं नसतं. न बघताच कुणीतरी म्हणालं. तुमचा म्हातारा आंधळा आहे गं."

मी रागावले. म्हटलं, आजोबांविषयी असं बोलू नका, ते न्यायमंडळाचे प्रमुख आहेत.

"असतील. घोड्याच्या डोळ्यावर अशी साय दिसली की मी मालकाला सांगते, याला आता वाटेला पुढे ठेवू नका. तुमच्यात त्याला झगे घालतात."

मी तिला (रागात एकेरी लिहिलं गेलं, असू दे) सांगितलं की आजोबा माझ्या शिक्षणाची किती कदर करतात. प्रत्येक कागद ते मलाच मोठ्याने वाचायला लावतात. "तुझ्या आवाजात कायदा गोड लागतो," म्हणतात. सही करताना, मी कागदावर बोट ठेवते तिथेच करतात, इतका विश्वास. चहाचा पेला कुणी त्यांच्यासमोर ठेवत नाही, नेहमी हातातच देतात, एवढा मान

हे वाक्य मी पूर्ण करणार नाही.

२७ सप्टेंबर, घर

डॉक्टरांनी घरी सोडलं. आईने उंबऱ्यावरच माझ्यावरून पाणी ओवाळून टाकलं, मग मिठी मारली, तीही मोडक्या बाजूने.

रात्रीपर्यंत थांबवलं नाही, जेवतानाच म्हटलं, "आई, आजोबांना दिसत नाही."

आई शांतपणे पोळी मोडत होती. "आताशा सकाळी थोडं दिसतं," म्हणाली.

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"कुणाला माहीत नाही? तू शहरात होतीस. आणि दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसतेस, तुला कळलं नाही? काय शिकवतात गं तिथे?"

मी म्हटलं, मी अधिकाऱ्याकडे जाऊन खरं सांगणार. आईने पोळी खाली ठेवली. "तू झोपली होतीस. लहानपणापासून गाडीत बसलीस की झोपतेस. खोटं थोडंच आहे? त्या दिवशी राहिलीस जागी, तर एवढा काय गाजावाजा?"

बाबा मान खाली घालून जेवत राहिले. त्यांच्या आणि चुलत्यांच्या कुरणाचा वाद न्यायमंडळापुढे आहे, पुढच्या महिन्यात निकाल. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. बाबा तत्त्वाचा विचार करत असणार.

३० सप्टेंबर

आज आजोबांच्या घरी देवाचं जेवण होतं, जीव वाचल्याबद्दल. जीव अर्थात आजोबांचा. अर्धं गाव लोटलं होतं. नवी मेंढी, बोर्सोकच्या, म्हणजे तळलेल्या कणकेच्या तुकड्यांच्या, राशी, साय, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे बुधले.

आमच्याकडे मांस वयाप्रमाणे आणि मानाप्रमाणे वाटतात. कुठलं हाड कुणाला हे तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. लग्न न झालेल्या मुलीला काय मिळतं, तर फासळीचा तुकडा आणि रिकामी ताटं. आज माझ्यापुढे उचा आला, शेपटीकडचा चरबीचा भाग. तो गावातल्या सर्वांत थोरल्या बायकांचा मान. मी चकितच झाले. सभोवतालच्या आज्या माझ्याकडे बघत होत्या, पण एकीनेही हरकत घेतली नाही. बाबांच्या ताटात मांडीचं मोठं हाड, तेही त्यांच्या वयाहून वरचा मान. क्षणभर मला खरंच वाटलं की मुलींनी शिकल्याने काहीच बदलत नाही असं म्हणणारे चुकतात. सावकाश, पण बदलतं.

मी खाल्लं. चरबी फार होती.

मग आजोबा बोलले. "तरुण रक्त आहे, घाई होते. इरिसबेक आपलं लेकरू आहे. मी त्याला माफ केलं. तुम्हीही करा." बायका रडल्या. इरिसबेक मोडक्या बरगड्यांनिशी वाकला आणि त्याने आजोबांचा हात दोन्ही हातांत घेतला. कुणीतरी म्हणालं, "असं काळीज या काळात कुणाचं असतं?"

मी उभी राहिले. म्हटलं, "आजोबा, मी त्या दिवशी जागी..."

एका म्हाताऱ्याने पटकन दोन्ही हात उघडून वर केले. हात वर झाले की प्रार्थना सुरू होते, तिच्यात कुणी मध्ये बोलत नाही. प्रार्थना झाली की सगळे तोंडावरून हात फिरवतात आणि पंगत उठते. अख्खी पंगत उठली. मी एकटी ताटाशी उभी राहिले, बोटांना चरबी.

१ ऑक्टोबर

कायद्याची पुस्तकं काढून बसले. गाडीच्या सगळ्या कृत्यांना चालक जबाबदार. कुणाला विचारलं, कुणी काय उत्तर दिलं, याने काही फरक पडत नाही. "जा" या शब्दाला एकही कलम नाही. म्हणजे मी खरं सांगितलं तरी कायद्याने इरिसबेक सुटत नाही. तो सुटेल तर जिबेकताईंच्या माफीने, आणि ती माफी मिळेल खऱ्या माणसाने मागितली तर.

पाच वर्षं मी चुकीचा विषय शिकले की काय?

४ ऑक्टोबर

इरिसबेकला त्यांच्या अंगणात गाठलं. त्याच्या पायात नवे बूट होते, उंच, कातडी. मोडक्या बरगड्यांनी खरेदीला गेला असेल, म्हणजे बरा होतोय. मी म्हटलं, तू खोटं का लिहून दिलंस?

"मग काय लिहू? अक्सकाल आंधळे आहेत?"

"तुला माहीत होतं?"

"बेरमेत, त्यांच्या घोड्यालाही माहीत आहे."

"मग त्यांना विचारलंस कशाला, रिकामा आहे का?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच डोक्यावर पडले होते. "शेजारी अक्सकाल बसलेत आणि त्यांना न विचारता पुढे घुसू? मला काय आई-बापाने वाढवलं नाही?"

"आणि समोरून काय येतंय ते?"

"ते मी बघतो ना! सगळेच बघतात. आपण विचारायचं, ते जा म्हणतात, तेवढ्यात आपण हळूच मान काढून बघून घ्यायचं. नसला रिकामा, तर गिअर अडकल्याचं नाटक करायचं. इतकी वर्षं असंच चाललंय, कुणाला ओरखडा नाही." त्याने बरगड्यांवर हात ठेवला. "त्या दिवशी तीन झगे होते. वर ती टोपी. मी मान काढली तर समोर नुसती मखमल."

मी घरी आले. सत्कार झाला नसता तर अपघात झाला नसता, असं काही कुठल्या कागदात लिहिता येईल असं वाटत नाही. इरिसबेकच्या डोळ्यांविषयी मी पूर्वी इथे दोन पानं लिहिली होती. ती फाडली नाहीत, नुसती दुमडली.

७ ऑक्टोबर

तपास अधिकाऱ्याचा निरोप आलाय: सोमवारपर्यंत जिबेकताईंचा कागद आला नाही, तर फाइल न्यायालयात. ताई आता त्यांच्या बहिणीच्या घरी आहेत. त्यांच्याकडे माफी मागायला शिष्टमंडळ जायचं ठरलंय. शिष्टमंडळाचं नेतृत्व कोण करणार? अब्दिलास आजोबा. ते इरिसबेकच्या वतीने माफी मागणार.

मी बाबांना सांगितलं, "ताई नाही म्हणाल्या तर सोमवारी मी अधिकाऱ्याकडे जाणार. मी जागी होते हे सांगणार. मग कुरणाचं काहीही होवो."

"कुरणाचा काय संबंध?" बाबा ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर इतक्या जोरात ओरडले.

१० ऑक्टोबर

हात दुखतोय, पण आजच लिहायला हवं.

सकाळी निघालो. गाडी बाबांची, तीही जपानी. पुढे आजोबा. मागे मी आणि इरिसबेक. मला नेलं ते बाबांच्या हिशोबाने: "गळ्यात हात बांधलेली पोरगी बघितली की बाई विरघळेल." निघताना आजोबांच्या सुनेने डिकीत मेंढी ठेवू का विचारलं. सगळे तिच्याकडे बघत राहिले. ती आत निघून गेली.

खोऱ्यात शिरल्यावर गवताचा ट्रक पुढे लागला. एवढा भरलेला, की दोन्ही अंगांना गवत बाहेर लोंबत होतं. तो जनावराच्या चालीने चाललेला.

बाबांच्या तोंडून सवयीने गेलं, "आजोबा, रिकामा आहे का?"

विचारलं आणि त्यांचा कान लाल झाला. मला मागून दिसला.

आजोबा काही बोलले नाहीत.

आता बाबांना मान काढून बघावं, तर आजोबा हललेले. ते काचेच्या अगदी जवळ सरकून, गुडघ्यांवर हात ठेवून, ताठ बसले होते. न विचारता जावं, तर विचारून झालेलं. पुन्हा विचारावं, तर कुणाच्या तोंडाने? बाबा ट्रकच्या मागे चालवत राहिले. काचेवर गवताच्या काड्या पडत होत्या. आमच्या मागे एक गाडी लागली, मग दुसरी, मग एक लग्नाची वरात, फुगे लावलेली. सगळे हॉर्न वाजवत होते. एक जण बाजूने जाताना ओरडला, "झोपलात का रे?" रस्ता कितीतरी वेळ रिकामा होता, मला मागून स्वच्छ दिसत होता. इरिसबेकलाही. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"वरात आहे, आजोबा," बाबा शेवटी म्हणाले. "नवरीचा खोळंबा होतोय."

मग आजोबा म्हणाले, "मला काय विचारतोस, ओमुरबेक? मला ट्रकसुद्धा दिसत नाही. आवाज येतो तेवढाच." थोड्या वेळाने म्हणाले, "तू एकदा विचारायचं थांबलास, की उद्या दुसरा थांबेल. मग मला चहाला तरी कोण बोलावणार? म्हणून आपलं म्हणत राहतो, जा."

मला रडू आलं, आणि राग गेला नाही. दोन्ही एकदम होतं हे मला माहीत नव्हतं.

"रिकामा आहे, बाबा," मी म्हटलं. बाबांनी ट्रक ओलांडला.

जिबेकताई अंगणात बाजेवर बसल्या होत्या, पाय उशीवर. आजोबांना बाबांनी त्यांच्यासमोर नेऊन उभं केलं. आजोबांनी टोपी काढली. ती ते मशिदीतही काढत नाहीत. "पोरी, जा मी म्हणालो होतो. याने मला विचारलं आणि मी न बघता म्हणालो. बघायला काही उरलेलंच नाही. तुझा पाय माझ्या तोंडाने मोडला."

ताई बराच वेळ त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिल्या, एखादं जनावर तपासावं तशा. मग म्हणाल्या, "बसा. माफ केलं. आणि शहरात जाऊन ते डोळे दाखवा. त्याचं ऑपरेशन होतं, माणसांचंसुद्धा."

"आणि मला माफ?" इरिसबेक हळूच म्हणाला.

"तुला दिसत होतं," ताई म्हणाल्या. "तुला एवढ्यात माफ करत नाही. कागद देते, तुझी आई माझ्या प्लॅस्टरवर पुन्हा रडायला नको. पण माझा पाय बरा होईपर्यंत मला गुरं तपासायला गावोगाव तू न्यायचं. पुढे मी बसणार. मी थांब म्हटलं की थांबायचं. आणि ते बूट काढ, गोठ्यात खराब होतील."

कागदावर सही झाली. इरिसबेक सुटला. मी इतकी हलकी झाले की आमच्याकडच्या खारट चहात मीठ जास्त पडलेलं कळलंही नाही.

मग जे झालं ते लिहायला मला वेळ लागतोय.

चहावर बाबा म्हणाले, "एवढ्या वयात एवढं मोठं मन! स्वतःहून कबूल करणं!" ताईंच्या बहिणीचा नवरा म्हणाला, "अशी माणसं आता राहिली नाहीत." शेजारी जमले. त्यांना सांगितलं गेलं. सांगता सांगता गवताचा ट्रक गळाला, वरात गळाली, पाय जवळजवळ गळाला, आणि राहिलं एवढंच की अक्सकाल सत्यासाठी खोरं ओलांडून आले. एक बाई डोळे पुसायला लागली. घरधनी आत गेला आणि झगा घेऊन आला, निळा, जरीच्या काठाचा. सगळ्यांनी मिळून तो आजोबांच्या अंगावर चढवला. आजोबा नको नको म्हणाले, पण हात बाहीत आपोआप गेले. जिबेकताईंनी माझ्याकडे बघितलं आणि उशीत तोंड खुपसलं. हसत होत्या की काय, सांगता येत नाही.

निघायची वेळ झाली. अंगणभर माणसं उभी, हात छातीवर. इरिसबेकने मागचं दार माझ्यासाठी उघडून ठेवलं. बाबा आजोबांना कोपराला धरून, झग्याची टोकं सांभाळत गाडीकडे घेऊन आले, पुढे झाले, आणि नेहमीसारखं दोन्ही हातांनी, अदबीने, डावीकडचं पुढचं दार उघडलं.

मी तिथे बसले होते. पट्टा लावला होता. तो मोडक्या हाडावरूनच जातो.

"बेरमेत, ऊठ," बाबा दातांवर दात ठेवून म्हणाले. "लोक बघताहेत."

"तेच करायला बसलेय, बाबा. बघायला."

आजोबांचा हात सीट चाचपत आला आणि माझ्या खांद्याला लागला. "कोण?" ते म्हणाले.

मी नाव सांगितलं, आणि उठले नाही.